घरचा पडदा किती मोठा असावा?

दूरचित्रवाणीचा संच घ्यावयास आपण दुकानात गेलो म्हणजे विक्रेता पहिला प्रश्न करतो तो इंचांचा. ‘साहब, कितने इंच का दिखाऊँ?’ या प्रश्नावर मी निरुत्तर झालो, याचे कारण आमच्या घरात त्याची तीन उत्तरे होती. चिरंजीवांस संगणकीय खेळांसाठी ६५ इंची संच हवा होता. मला चित्रपटांचे वेड आहे, आणि अंधाऱ्या दृश्यातला काळोख खरोखर काळा दिसावा एवढीच माझी मागणी होती. आईने मात्र इंचांची भाषा केलीच नाही. ती म्हणाली, ‘मला माणसांचे चेहरे दिसले की झाले.’

हे तिसरे उत्तर साधे वाटले तरी सर्वांत अवघड होते. आईचे वय शहात्तर. दृष्टिपटलाच्या, म्हणजे बोलीत आपण ज्याला डोळ्यांतला पडदा म्हणतो त्याच्या मध्यभागी वयोमानाने होणारा विकार तिला जडला आहे. समोर पाहावे तो नेमका मधला भाग पुसट दिसतो, कडेचे तेवढे दिसत राहते. गेले काही महिने ती संध्याकाळच्या मालिका पाहत नसून केवळ ऐकत असे, हे आमच्या लक्षात फार उशिरा आले. तेव्हा नव्या संचाचा विषय निव्वळ चैनीचा राहिला नाही. सरकारी नोकरीत नस्तीवर टिप्पणी लिहिण्याची सवय हाडीमाशी खिळलेली; त्या सवयीने मी याही प्रश्नाची रीतसर टिप्पणी तयार केली. आपणांपैकी अनेकांच्या घरी हाच प्रश्न आज ना उद्या उभा राहील, म्हणून त्या टिप्पणीतील मुद्दे येथे मांडतो.

प्रथम आमच्या घराविषयी. काशीच्या दुर्गाघाटाशी मराठी माणसाचे नाते अठराव्या शतकापासूनचे आहे. पेशव्यांचे गुरू नारायण दीक्षित पाटणकर यांनी त्या काळात येथे घाट बांधला. नाना फडणवीसांच्या नावाचा वाडाही येथेच आहे. मैदागिनपर्यंत चारचाकी गाडी येते. पुढे काळभैरवाच्या बाजूने दुर्गाघाटाकडे जावयाचे तर सारा मार्ग गल्ल्यांचा. आमचे घर जुन्या घडणीचे : मध्ये चौक, भोवती खोल्या, दगडी जिना, आणि माडीवर बैठकीची खोली. तिची एक खिडकी पूर्वेस गंगेकडे उघडते. बदल्यांच्या निमित्ताने गावोगाव फिरून मी दोन वर्षांपूर्वी या घरी परतलो.

१९८७ सालच्या जानेवारीत ‘रामायण’ मालिका सुरू झाली तेव्हा मी सहा-सात वर्षांचा होतो. रविवारी सकाळी शेजारच्या वाड्यात विसेक इंची पडद्यासमोर तीस-चाळीस माणसे दाटीवाटीने बसत. किती इंच, हा प्रश्न तेव्हा कोणाच्या मनातही येत नसे. पण पुढे बसावयास मिळावे म्हणून आम्ही मुले अर्धा तास आधी जाऊन जागा धरीत असू. पडद्याच्या लांबीरुंदीपेक्षा आपण त्यापासून किती अंतरावर आहो, हे अधिक महत्त्वाचे असते, हा या विषयातला मुख्य सिद्धान्त आम्हांला नकळत ठाऊक होता असे म्हणावयास हरकत नाही.

हा सिद्धान्त थोडा उकलून पाहू. संचाचे इंच मोजतात ते एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरप्या कोपऱ्यापर्यंत. आजच्या पडद्यांची रुंदी व उंची १६ व ९ या प्रमाणात असते. त्यामुळे ५५ इंची संचाचा पडदा सुमारे ४८ इंच रुंद व २७ इंच उंच भरतो. ६५ इंची पडदा सुमारे ५७ इंच रुंद व ३२ इंच उंच भरतो. परंतु डोळ्याला इंच कळत नाहीत. त्याला कळतो तो कोन. हाताचा अंगठा डोळ्याजवळ धरला तर त्याच्याआड पौर्णिमेचा चंद्र सहज झाकतो, तसेच हे आहे. चित्रपट पाहणाऱ्याच्या नजरेत पडद्याने साधारण ३० ते ४० अंशांचा कोन व्यापावा, असा या क्षेत्रातील अभियंत्यांत रूढ असलेला ठोकताळा आहे. त्याचे घरगुती सूत्र असे : संचाचे जेवढे इंच, त्यांच्या १.२ पट ते १.६ पट अंतरावर बसावे. ५५ इंची संचासाठी हे अंतर साडेपाच ते सुमारे सव्वासात फूट येते. ६५ इंचीसाठी साडेसहा ते पावणेनऊ फूट.

आमच्या खोलीत बैठकीवर तक्क्याला टेकून बसलेल्या माणसाचा डोळा समोरच्या भिंतीपासून सात फुटांवर येतो. म्हणजे ५५ आणि ६५ हे दोन्ही संच सूत्रात बसत होते, आणि चिरंजीवांचा पक्ष सबळ होता. आईचे काय? डॉक्टरांनी सांगितले होते की तिला चित्र जेवढे मोठे व उठावदार दिसेल तेवढे बरे, आणि जवळ बसल्याने तिच्या डोळ्यांचा विकार वाढत नाही. यावरून मी एक साधे गणित केले. अंतर निम्मे केले की चित्र डोळ्याला दुप्पट मोठे भासते. साडेतीन फुटांवर ठेवलेल्या खुर्चीतून ५५ इंची संच जेवढा मोठा दिसेल, तेवढाच मोठा तो सात फुटांवरून दिसावा म्हणून ११० इंची संच आणावा लागेल! दहा इंच अधिक घेण्यासाठी जे द्रव्य वेचावे लागते, त्याहून किती तरी अधिक लाभ वेताची खुर्ची पुढे सरकवल्याने फुकट मिळतो. घरात दुबळ्या दृष्टीचे माणूस असेल तर संचाआधी त्याच्या खुर्चीची जागा ठरवावी, हा माझ्या टिप्पणीतील पहिला निष्कर्ष होय.

आता चित्राच्या स्पष्टतेकडे वळू. पडद्यावरील चित्र बारीक ठिपक्यांचे बनलेले असते; त्यांना पिक्सेल म्हणतात. ‘फुल एचडी’ पडद्यावर आडवे १९२० व उभे १०८० असे एकूण सुमारे २० लाख ७४ हजार ठिपके असतात. ‘फोर के’ पडद्यावर ते याच्या चौपट, म्हणजे सुमारे ८३ लाख. चौपट ठिपके म्हणजे चौपट स्पष्ट चित्र, असे विक्रेता सुचवतो. परंतु निरोगी डोळ्यालाही एक कलेहून, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाहून लहान तपशील सहसा वेगळा ओळखता येत नाही. सात फुटांवर एक कला म्हणजे सुमारे ०.६२ मिलिमीटर, आणि ५५ इंची फुल एचडी पडद्याचा ठिपका जवळजवळ तेवढाच, ०.६३ मिलिमीटर, असतो. तेव्हा बैठकीवर बसणाऱ्यास या दोहोंत फार मोठा फरक जाणवू नये. चार-पाच फुटांवर बसून खेळणाऱ्या मुलाला मात्र तो निश्चित जाणवेल. आज या आकाराचे बहुतेक संच फोर के असतातच, त्यामुळे निवडीचा प्रश्न फारसा उरत नाही. पण केवळ या एका अक्षरासाठी कोणी अधिक दाम सांगू लागला, तर आपण आपले अंतर आठवावे.

आणखी एक गोष्ट. मोठा पडदा चांगल्या चित्राचे गुण दाखवतो तसे वाईट चित्राचे दोषही दाखवतो. जुन्या पद्धतीच्या प्रक्षेपणात चित्राच्या दिसणाऱ्या रेषा ५७६ असत. त्या काळची मुद्रणे पन्नास-साठ इंचांवर ताणली की माणसांच्या कडा विरघळल्यासारख्या दिसतात. घरातील मंडळी जुन्या मालिका व जुने चित्रपट अधिक पाहत असतील तर अवाढव्य पडद्याचा मोह आवरावा.

आकारानंतर विचार करावयाचा तो प्रकाशाचा, आणि माझ्या मते तो आकाराहूनही महत्त्वाचा आहे. दुकानातील संच झगमगत्या दिव्यांखाली, भडक रंगांवर लावून ठेवलेले असतात. घरची खोली तशी नसते. काशीचे घाट पूर्वाभिमुख आहेत. सकाळी सूर्य वर आला की गंगेच्या पाण्यावरून परतलेला उजेड आमच्या माडीच्या छतावर नाचतो, आणि दिवसभर चौकातून वरचा मंद प्रकाश झिरपत असतो. चौकातल्या या प्रकाशाचे चित्रपटाच्या इतिहासात एक स्थान आहे. सत्यजित राय यांच्या १९५६ सालच्या ‘अपराजितो’ चित्रपटातील काशीचे घर कलकत्त्याच्या स्टुडिओत उभारले होते. चौकात वरून उतरणारा सावलीविरहित उजेड तेथे आणावा कसा? छायालेखक सुब्रत मित्र यांनी चौकाच्या माथ्यावर पांढरे कापड ताणले आणि दिव्यांचा झोत त्यावर टाकून तो परावर्तित करून घेतला. पुढे ही रीत चित्रीकरणात सर्वत्र रूढ झाली. ज्या उजेडाचे अनुकरण करण्यास एका थोर छायालेखकाला एवढे सायास पडले, तोच उजेड आमच्या घरात पडद्यावर पडून चित्र फिके करतो, हा एक विनोदच म्हणावयाचा.

या दृष्टीने पडद्यांच्या जाती समजून घेणे अवश्य आहे. ‘ओएलईडी’ पडद्यात प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो. विझलेला ठिपका खरोखर काळा, म्हणून अंधाऱ्या खोलीत चित्रपट पाहण्यास याच्यासारखा पडदा नाही. याच्या उणिवा दोन. लख्ख उजेडाच्या खोलीत संपूर्ण पडदा तेजस्वी दिसावा तर तो इतर जातींच्या मानाने कमी पडतो. आणि एकच स्थिर आकृती रोज तासन् तास दाखवत राहिल्यास तिचा ठसा कायमचा उमटण्याचा धोका असतो. वृत्तवाहिनीची खालची पट्टी किंवा खेळातील गुणांची चौकट ही अशा आकृतींची उदाहरणे.

दुसरी जात ‘एलसीडी’ची, बाजारात ती एलईडी या नावाने विकली जाते. तीत ठिपके स्वतः उजळत नाहीत. मागून दिवे प्रकाश देतात व ठिपके तो अडवतात अथवा सोडतात. थोडा प्रकाश निसटतोच, म्हणून काळा रंग करडा भासतो. यावर उपाय म्हणून मागील दिव्यांचे अनेक लहान गट करून चित्राच्या काळ्या भागामागचे गट मंद करतात. ‘मिनी एलईडी’ म्हणतात ते याचेच पुढचे रूप. ‘क्यूएलईडी’ हे नाव ऐकून पुष्कळांची फसगत होते. तोही बहुधा एलसीडीच असतो, फक्त रंग अधिक शुद्ध करणारा एक थर त्यात घातलेला असतो. एलसीडीतही दोन पोटजाती आहेत. ‘व्हीए’ पडद्याचा काळा रंग गडद, पण बाजूने पाहिल्यास चित्र फिकुटते. ‘आयपीएस’ बाजूनेही सारखे दिसते, पण त्याचा काळा रंग तितका गडद नसतो. पाहुणे खोलीभर पसरून बसत असतील तर ही गोष्ट अवश्य पाहावी.

चित्रपटप्रेमी मंडळींसाठी दोन सूचना. चित्रपट सेकंदाला २४ चित्रे या वेगाने घेतलेला असतो. पुष्कळ संच आपल्या बुद्धीने मधली चित्रे बनवून हालचाल गुळगुळीत करतात, आणि मग उत्तम चित्रपटही मालिकेच्या चित्रीकरणासारखा दिसू लागतो. ही सोय बंद करावी. काही संचांत त्यासाठी २०१९ साली पुढे आलेली ‘फिल्ममेकर मोड’ ही योजना असते. दुसरी सूचना काळ्या पट्ट्यांविषयी. रुंद चित्रपटाला वर-खाली आणि ‘श्यामची आई’सारख्या जुन्या चित्रपटाला डाव्या-उजव्या बाजूस काळ्या पट्ट्या येतात, त्या चित्रपटाच्या मूळ आकारामुळे. त्या घालवण्यासाठी चित्र ताणू नये. माणसे उगाच लठ्ठ दिसतात.

खेळांचे शास्त्र मी चिरंजीवांकडून शिकलो. खेळात कळ दाबल्यापासून पडद्यावर परिणाम दिसेपर्यंत जो विलंब लागतो, तो कमीत कमी असावा लागतो. चित्र सजवण्याचे नाना संस्कार संच करीत बसला तर हा विलंब काही संचांत १०० मिलिसेकंदांच्याही पुढे जातो; ‘गेम मोड’ लावला की हे संस्कार वगळले जाऊन तो चांगल्या संचात दहा-वीसवर येतो. दुसरी बाब पडदा सेकंदाला किती वेळा नवे चित्र रंगवतो ही. ६० वेळा रंगवणाऱ्या पडद्यावर दोन चित्रांत १६.७ मिलिसेकंदांचे अंतर असते, १२० वेळा रंगवणाऱ्यावर ८.३. सन २०२० च्या अखेरीस आलेली खेळयंत्रे फोर के चित्र १२० च्या वेगाने देऊ शकतात, मात्र त्यासाठी संचाला ‘एचडीएमआय २.१’ जातीची खोबण लागते. काही संचांत चार खोबणींपैकी एक-दोनच त्या जातीच्या असतात, म्हणून प्रत्येक खोबणीविषयी विचारून घ्यावे. गंमत अशी की १२० चा पडदा चित्रपटालाही मानवतो. १२० ला २४ ने निःशेष भाग जातो. ६० ला जात नाही, त्यामुळे तेथे कॅमेरा संथपणे फिरताना चित्र किंचित अडखळते. बापलेकांचे एकमत झाले ते या एका आकड्यावर.

यानंतर मी टेप घेऊन भिंत मोजली. खोलीच्या दक्षिणेच्या भिंतीवर संच ठेवावयाचा ठरला, कारण तेथे पूर्वेची खिडकी बाजूला येते, पडद्याच्या समोर येत नाही. पडद्यात खिडकी दिसू लागली की चित्र दिसेनासे होते. त्या भिंतीत दार आणि देवळी यांच्यामध्ये ५५ इंच मोकळी जागा भरली. मग वर्तमानपत्रांचे कागद चिकटवून दोन्ही मापांचे आयत केले व भिंतीवर लावले. ६५ इंचीचा कागद, आई जेथे संध्याकाळी दिवा लावते त्या देवळीवर दोन इंच चढला. चिरंजीव काही वेळ कागदाकडे पाहत राहिले. मग त्यांनी आपल्या हातांनी तो काढला.

पुढच्या अडचणी आमच्या गल्लीच्या होत्या, पण कोणत्याही जुन्या वस्तीत त्या येतील. मोठ्या संचाचे खोके मैदागिनपासून दोघा माणसांना हातांवर आणावे लागते. ते उभेच धरावे, आडवे केल्यास पडद्याला इजा होते. जिन्याचे वळण आधी मोजावे. भिंत चुन्यात बांधलेल्या जुन्या लखौरी विटांची असेल तर वीस-बावीस किलोंचा भार तिच्या सांध्यांवर टांगू नये. भक्कम घडवंचीवर संच ठेवावा. ही घडवंची किती उंच असावी? कोचावर बसणाऱ्याचा डोळा जमिनीपासून साडेतीन फुटांवर असतो, गादीवर मांडी घालून बसणाऱ्याचा अडीच फुटांच्या आसपास. पडद्याचा मध्य बसणाऱ्याच्या डोळ्यासमोर यावा. भारतीय बैठकीच्या खोलीत संच उंचावर टांगून माना अवघडून घेण्याचे कारण नाही. विजेसाठी अर्थिंग तपासून घ्यावे, आणि दाब अचानक वाढल्यास तो रोखणारे साधन लावावे. इंटरनेटवरून फोर के चित्रपट पाहण्यास सेकंदाला सुमारे १५ मेगाबिट वेग लागतो. काशीत त्याचे शत्रू माकड! गंगेकाठी टाकलेल्या तारा माकडांनी कुरतडल्याची बातमी २०१५ साली छापून आली होती. खर्चाच्या बाबतीत एक दिलासा सांगतो : ३२ इंचांहून मोठ्या संचांवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला.

अखेर आम्ही ५५ इंची, मिनी एलईडीचा, १२० वेगाचा संच घेतला. दहा इंचांचे जे पैसे वाचले, त्यांतून खिडकीला जाड खादीचा पडदा आणि आवाजासाठी एक लांबट ध्वनिपेटी आली. सडपातळ संचांचा आवाज दगडी खोलीत घुमतो व शब्द कळत नाहीत. ओएलईडीचा काळोख मला मिळाला नाही, याची हळहळ कधीमधी वाटते. पण दिवसभर उजेड, दिवसभर वृत्तवाहिनी, आणि पाहणारी आई, या तिन्ही गोष्टी त्याच्या विरुद्ध होत्या.

पहिल्या संध्याकाळी आचार्य अत्रे यांचा १९५३ सालचा ‘श्यामची आई’ लावला. आईची वेताची खुर्ची साडेतीन फुटांवर मांडली होती. तिने मान किंचित कलती केली; मधला पुसट भाग चुकवून कडेच्या नजरेने पाहण्याची ही युक्ती तिची तिनेच शोधली आहे. वनमालाबाईंचा चेहरा पडद्यावर जवळून आला, तेव्हा ती म्हणाली, ‘कुंकू दिसतंय रे.’ चिरंजीवांनी काही न बोलता आपली गादी तिच्या खुर्चीमागे ओढली, कारण तिच्या डोक्यामुळे त्यांना पडद्याचा एक कोपरा दिसत नव्हता.

म्हणून सांगावयाचे ते एवढेच. दुकानात जाण्यापूर्वी घरात टेप फिरवावी. अंतर मोजावे, खिडक्या कोठे आहेत ते पाहावे, भिंतीवर कागद लावून पाहावा, आणि घरात सर्वांत कमी कोणाला दिसते हे विचारून घ्यावे. मग ‘किती इंच?’ या प्रश्नाला उत्तर देणे फारसे अवघड राहत नाही.